लेन्समधली वाळू

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? आम्ही ठीक. म्हणजे जेवतो, झोपतो. यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे. तू उत्तर देत नाहीस, तरी मी लिहिते. तुझ्या जागी मी असते तर पत्र न वाचताच फाडलं असतं.

गेल्या आठवड्यात यांनी कपाटातून माझ्या ठकीचा तो स्वस्तातला कॅमेरा काढला. किनाऱ्यावरून तिच्या कपड्यांबरोबर पिशवीत आला होता, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. कॅमेरेवाला म्हणाला, "फेकून द्या काका, असल्यांना आता कुत्रं विचारत नाही." पण त्यात कार्ड नाही, फोटो कॅमेऱ्याच्याच पोटात. म्हणून हे स्वतःच बसले.

सेल गळून पत्र्यांवर हिरवट थर चढला होता. तो व्हिनेगरने घासला. नवे सेल घातले तर लेन्स नुसती कुरकुरली आणि सगळं बंद. बाहेर आलेली लेन्स आत जाईचना. मग बारीक स्क्रू काढून यांनी डोळ्याला भिंग लावलं.

"वाळू आहे गं. चाकांच्या दात्यांत."

"मग?"

"नीट बंद केला असता तर लेन्स आत गेली असती. हा चालू असताना पडलाय. हातातून टाकलाय."

मी बारीक सुई आणून दिली.

सुईने एकेक कण काढल्यावर कॅमेरा सुरू झाला. शेवटून दुसऱ्या फोटोत ठकी गुडघाभर पाण्यात उभी आहे, हसतेय. शेवटचा फोटो तिरका, पडता पडता निघालेला: वाळू, आभाळाचा तुकडा आणि पाण्याकडे धावणारा अनवाणी पाय. हे यांनी सांगितलं. मी अजून पाहिलेले नाहीत. धीर होत नाही.

ताई, तुझ्या लेकाला ठकी उंटदादा म्हणायची, दारातून वाकून यायचा म्हणून. त्याला यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ती बुडत होती आणि तू फोटो काढत बसलास." पोर एकच घोकत राहिलं, "काका, मी कॅमेरा टाकून धावलो." कुणी ऐकलं? आता तो कॉलेज सोडून खोलीत बसून असतो, असं आपल्या धाकट्या बहिणीकडून कळलं.

फोटो पाहून हे रडले नाहीत. ठकी गेली तेव्हाही नव्हते. "पोराचं आयुष्य नासवलं मी," एवढंच म्हणाले आणि शर्टाला इस्त्री करायला लागले.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. हेच घेऊन येताहेत. दारात उभे राहतील आणि तोंडातून शब्द फुटणार नाही, मी ओळखते ना त्यांना. भाऊजी चिडतील, चिडू देत. शिव्या द्या, उन्हात उभं करा. पण पोराला एवढं ऐकू जाऊ दे की काका आलेत, आणि तो खरं बोलत होता हे सांगायला आलेत.

त्याने खोलीचं दार उघडलं नाही तरी मी समजेन. माझी काही परत येत नाही. तुझा आहे अजून, ताई. त्याला धरून ठेव.

तुझ्याच पाठीवरची