आखूड पँटी

४ जानेवारी
हे पुन्हा पडले! दुकानाच्या उंबऱ्यातच. पाय उचलतच नाहीत — जमिनीला डिंकाने चिकटल्यासारखे घासत नेतात. आमचे डॉक्टर म्हणतात, "वयोमानाने होतं." मला विचाराल तर पँटी लांब झाल्यात. वयाने माणूस आक्रसतो की! शिंप्याच्या अंगावर लोळणारी पँट, शोभतं का? सगळ्या पँटी बोटभर वर घेतल्या. "आता चालून दाखवा बरं!" चालले. मला तर फरक वाटला.

११ जानेवारी
फरक कसला, कपाळाला टेंगूळ. पँटी आणखी बोटभर वर घेतल्या.

१९ जानेवारी
गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. ह्यांनी! गिऱ्हाईक भला माणूस, हसून गेला. मी कात्री लपवून ठेवली. ह्यांनी ती मागितलीसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

२ फेब्रुवारी
लेक आली होती. "आई, रोज ओल्या चादरी, रोजचं पडणं — तू एकटी कुठवर निस्तरणार?" तिने वृद्धाश्रम बघून ठेवलाय. महिनाअखेरीस खोली रिकामी होतेय. हे समोरच बसले होते, बटणांच्या डब्यात बोटं फिरवत. कपाटासमोर बोलावं तसं आम्ही बोललो.
मी हो म्हणाले.

९ फेब्रुवारी
वृद्धाश्रमवाल्यांना आधी तपासणी हवी, म्हणून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, मग लघवीचं विचारलं, मग विसरण्याचं. स्कॅन बघून म्हणाल्या, "सगळं वयावर ढकलू नका. मेंदूतलं पाणी साचून राहतंय. तेच पाणी मणक्यातही असतं, कंबरेतून थोडं काढून बघू. चाल सुधारली, तर ऑपरेशनला अर्थ आहे."
मी पँटींचं सांगून टाकलं. हसल्या नाहीत. भलं होवो त्यांचं!

१२ फेब्रुवारी
सकाळी सुईने पाणी काढलं. दुपारी वॉर्डाबाहेरच्या बोळात उभं केलं — आणि पावलं उचलली! खरंच उचलली! वळताना धरावंही लागलं नाही. नर्स म्हणते, "अहो, ते चालतायत आणि रडताय काय?"

१५ फेब्रुवारी
पाय पुन्हा चिकटले. पाणी पुन्हा साचणारच होतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण आता निदान कशाने ते तरी कळलंय. लेकीने ती खोली नको म्हणून कळवलं.

२६ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. साचणारं पाणी वाहून जायला डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून नळी, नेफ्यात नाडी ओवावी तशी. पाय आधी सुधारतील, डोकं सावकाश. सगळं परत येईलच असं नाही, म्हणाल्या. येईल तेवढं येऊ दे. शुद्धीवर आल्या आल्या माझ्याकडे बघून "पदर नीट घे" म्हणाले! जीव भांड्यात पडला.

१९ मार्च
दुकानापर्यंत चालत गेले. मी मागे धापा टाकतेय! जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही, माप मात्र तोंडपाठ. चादर आठवडाभर कोरडी आहे.

२२ मार्च
हे आरशासमोर उभे, पँट घोट्याच्या कितीतरी वर! आता ओरडणार म्हणून मी आधीच दुसरीकडे बघायला लागले.
ओरडले नाहीत. "पँटीचा दोष नव्हता, हे तेव्हाच कळत होतं गं. पण टीप मारून झाली की 'चालून दाखवा' म्हणायचीस, इतक्या आशेने... म्हणून चालायचो."
म्हणजे हे सगळा वेळ इथेच होते! "मग त्या खोलीचं—"
"ऐकलं होतं. मीसुद्धा हो म्हटलं असतं. आता माझी कात्री दे."
दिली.