तारेतला एक शब्द

मनामा, २८ ऑक्टोबर १९८३

मथुराचं लग्न ठरलं! गावाहून माझ्या दोस्ताचं, गुंडूचं पत्र आलं. सत्तावीस नोव्हेंबर. मुलगा बँकेत.

हातात ट्रे होता, तो आपटला. सहा कप गेले. बर्नार्ड, आम्हा वेटरांचा कॅप्टन, वसईचा. ओरडला, "तुझ्या बापाचं हॉटेल हाय काय रे?"

माझा बाप! मथुरावरून तिच्या भावाच्या कानाखाली मी वाजवली, कॉलेजातून माझं नाव काढलं, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तोंड दाखवू नको माका." नाही दाखवलं. दीड वर्ष. त्यांचीही एक ओळ नाही.

३० ऑक्टोबर

मॅनेजरकडे रजा मागितली. "दोन वर्षं पुरी कर. मधे रजा मफी, नाही म्हणजे नाही. घरी कोणी सीरियस असेल तर तार दाखव." पासपोर्ट त्याच्याच कपाटात. हे आखातातलं बेट, चारी बाजूंनी समुद्र. पोहत जाऊ?

१ नोव्हेंबर

हॉटेलात इंग्रजी नाटक आलंय. साहेबलोक जेवता जेवता बघणार. मला पडद्यामागे लावलंय — नॉर्मन टेनबी म्हणून एक कॅनेडियन नट आहे, त्याला टोपी, काठी आणि व्हिस्कीच्या बाटलीत भरलेला कोरा चहा द्यायचा. पोट सुटलेलं, केस रंगवलेले. बर्नार्ड मात्र हरखला. "अरे, टीव्हीवरचा डॉक्टर हा! इथं सनदला राहायचो तेव्हा आमची अख्खी बिल्डिंग बसायची बघायला!"

३ नोव्हेंबर

तालीम संपली की टेनबीसाहेब बोलत बसतो. टोरांटोला रेडिओवर सुरुवात. मग टीव्ही. मग हॉलिवूड — अकरा सिनेमे, त्यातल्या नऊंत मेला. बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. मग ती हॉस्पिटलची मालिका. तिच्यात डॉक्टरला अपघात झाला आणि हा वर्षभर बेशुद्ध! नुसता डोळे मिटून पडायचा. बायकांची पत्रं पोत्यांनी यायची. शेवटी कंटाळला, म्हणाला, मला उठवा! निर्मात्याने पुढच्याच भागात मारून टाकला. त्यानंतर फोन वाजला नाही.

"सीरियस असतोस तोवर सगळे धावतात," म्हणाला. "मेलास की फक्त फुलं."

मी त्याला सगळं सांगून टाकलं. मथुरा, मॅनेजर, सगळं. तो हसला नाही.

४ नोव्हेंबर. दिवाळी

ड्रायव्हर तुकाराम वेंगुर्ल्याला निघाला. त्याची दोन वर्षं पुरी झाली — नशीबवान! गुंडूसाठी पत्र त्याच्या हाती दिलं. तार कर — 'फादर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली.' खाली दोन रेघा — फक्त सीरियस! जास्त अक्कल चालवू नको.

बाबांना आजारी पाडलं आणि लगेच पाकीट चिकटवलं. लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर

आज माझी तालीम! टेनबीसाहेब मॅनेजर, मी तार वाचणारा. धाय मोकलून रडलो. "भिकार," म्हणाला. "रडू नकोस. रडू दाब. आणि कागदाची घडी घाल, अगदी नीट. माणसं हातांवर विश्वास ठेवतात."

वीस वेळा घडी घातली.

१३ नोव्हेंबर

तार नाही.

१५ नोव्हेंबर

नाही! तुकाराम मुंबईतच रमला की काय?

१७ नोव्हेंबर

आली. 'फादर एक्स्पायर्ड. स्टार्ट इमिजिएटली.'

एक्स्पायर्ड! गाढवाने मारूनच टाकलं!

तरी रडू दाबलं. घडी नीट घातली. मॅनेजर उठून उभा राहिला. खांद्यावर हात ठेवला. मग तारीख बघितली. "परवाची तार. तुमच्यात त्याच दिवशी उरकतात ना? आता जाऊन काय करणार? सीरियस असता तर आजच्या विमानात बसवला असता." तेरावं आहे म्हटलं. "फॉर्मवर मोठा भाऊ लिहिलायस, तो करेल. खलास."

दोन दिवस सुट्टी. खोलीत बसायला!

बर्नार्ड स्वतः पेज घेऊन आला. "दोन घास खा रे, पोरा." त्याच्याकडे बघवेना.

१९ नोव्हेंबर

इथल्या तुबली भागात गॅरेजमध्ये काम करणारे गाववाले येऊन बसले. एक म्हातारा म्हणाला, "बापूस गेलो आणि डोक्यार केस?" काय सांगणार? न्हावीही त्यांनीच आणला होता. बाप जिवंत असताना डोकं भादरून घेतलं!

टेनबीसाहेब दारात उभा राहून बघत होता. टोपी काढली त्याने. नाटकातलीच. उद्या मस्कतला चाललाय, तेच नाटक घेऊन. "तू चांगलं केलंस," म्हणाला. "लिहिणाऱ्याने घात केला. माझंही तसंच झालं."

गुंड्या, तुला जिवंत सोडणार नाही!

२७ नोव्हेंबर

साडेअकराचा मुहूर्त होता. मी तेव्हा काटे-चमचे पुसत होतो.

७ डिसेंबर

गुंडूचं पत्र.

'शिवा, का आला नाहीस? तार तुझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिली होती. पोस्टात बघतो तर मागे तुझे बाबा. माझ्या हातातून कागद घेतला, वाचला. वाटलं, आता कानाखाली बसणार. तर म्हणाले, "सीरियसवर कोण सोडता तेका? मारून टाक माका." स्वतःच शब्द खोडला, स्वतःच नवा लिहिला. मला म्हणाले, "आता सोडतले."

मथुराचं लग्न झालं. पण बाबा अजून रोज मुंबईची गाडी यायच्या वेळेला एस.टी. स्टँडवर जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे करतंय.'