सालकिनचा लंब

१२ फेब्रुवारी, नारीन शहर
आज चाचणीत सालकिनला पाचपैकी दोन दिले, म्हणजे नापासच. प्रांताच्या गणित स्पर्धेसाठी शाळेतून एकच मूल जायचं होतं. आता एमिल जाईल.
प्रश्न सोपा होता: x + y = 4 ही रेषा अंतर आणि कोन वापरून लिहा. x च्या जागी r cosθ, y च्या जागी r sinθ. उत्तर r = 4 / (cosθ + sinθ). संपलं! हिनं लिहिलं, r cos(θ − 45°) = 2√2.
"कुठून उतरवलंस?" मी सगळ्यांसमोर विचारलं.
"उतरवलं नाही, बाई. मूळबिंदूपासून रेषेवर लंब टाकला."
"लंब कुणी मागितला होता तुझ्याकडे?"
वर्ग हसला. मीही हसले.

१४ फेब्रुवारी
सहज तिचं उत्तर सोडवून पाहिलं. कंस फोडला, आणि माझंच समीकरण समोर आलं. तीच रेषा! लंबाची लांबी 2√2, त्याचा कोन ४५ अंश — पोरीनं रेषा डोळ्यांनी पाहिली होती. बावीस वर्षं मी नुसती अक्षरं बदलत आलेय. कान तापले. चहा निवून गेला.

१५ फेब्रुवारी
मुख्याध्यापक तोक्तोसुन यांना सांगितलं. म्हणाले, "झुमागुल, यादी गेली. आता चूक कबूल केलीस तर शाळेचं हसं होईल. गप्प राहा."
मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते — पण वाटलं.

१८ फेब्रुवारी
सालकिन मागच्या बाकावर जाऊन बसली.

२० फेब्रुवारी
तिची आई गुल्साइरा शाळेत आली. पिशवीभर कुरुत, घरी वाळवलेल्या दह्याचे खारे गोळे, घेऊन!
"बाई, पोरगी हुशार आहे असं मला वाटायचं. तुमचे दोन गुण पाहिले आणि डोळे उघडले. राजधानीत, बिश्केकला माझी बहीण शिवणाच्या कारखान्यात आहे, रविवारी हिला तिकडे धाडते. बरोबर ना?"
मी म्हटलं, "घाई करू नका."
बस, एवढंच! आणि कुरुत ठेवून घेतलं.

२१ फेब्रुवारी
शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. दारात बॅग भरून ठेवलेली. बसायच्या आधीच बोलले, "तिचं उत्तर बरोबर होतं. मला कळलं नाही. आठवडा झाला, मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे."
गुल्साइरानं दारातली बॅग उचलून आत ठेवली. मग म्हणाली, "काल मी विचारलं, तेव्हाही ठाऊक होतं?"
"हो."
तिनं मला चहा दिला नाही. आमच्याकडे दारी आलेल्या परक्यालाही देतात. बहिणीला फोन लावून एवढंच म्हणाली, "पोरगी येत नाही." सालकिन चुलीपाशी मान खाली घालून बसलेली.

२२ फेब्रुवारी
वर्गात फळ्यावर रेषा काढली, लंब टाकला. सांगितलं — चूक माझी होती, सालकिनची नाही. कुणी हसलं नाही.
नंतर तिला एकटीला विचारलं, "तू भांडली का नाहीस गं?"
"मी त्याच तासाला दोन्ही उत्तरं ताडून पाहिली होती, बाई. पण तुम्हाला येत नाही, हे वर्गाला कळलं असतं ना."