टाळूत न थांबलेलं तेल

अकोला, १२ डिसेंबर २०२४

सौ. दामिनीस, बंडूदादाचे अ. उ. आ. वि. वि.

फोन मोर्णा नदीत पडला, म्हणून पत्र. आमच्या ट्रकवरचा पुंजाजी म्हणते, आता मासोळ्याच फोन उचलतीन. काय सांगून राहिलो होतो? हां, तेल. काल तेलघाणीपुढून गेलो अन् आई आठवली. ती तुझी टाळू भरायची, वाटी मी धरायचो. खळग्यात तेल थांबायचं, चिमणीच्या घोटाएवढं. तू रडली की मी शीळ घालायचो, तू मान वळवून गप्प. तुझा शिवम आता सात महिन्यांचा झाला ना? त्याची टाळू कोण भरते? सासूबाई भरत असतीन तर वाटी नाही, पिपाच लागत असंल!

लोभ लोणच्यासारखा मुरू दे.

तुझा दादा,
बंडू

अमरावती, २९ डिसेंबर २०२४

ती. बंडूदादास, शि. सा. न. वि. वि.

पत्ता पाहून घाबरू नको. वलगावच्या घरून नाही, दवाखान्यातून लिहून राहिली. शिवमले मेंदूज्वर झाला होता. आता दूध पिते.

आधी ताप आला. सासूबाई म्हणाल्या, दात येऊन राहिले. मीही मान डोलावली. पण तो दूध घेईना, उठवलं तरी डोळे मिटे, हातपाय गार. अन् सारं उलटंच. खाली ठेवलं की कण्हे, उचललं की किंचाळे. पोरगं मायच्या कुशीत शांत होते ना रे? तरी सवयीनं मांडीवर बसवून टाळू भराले गेली. तेल थांबलंच नाही, कानावर ओघळलं. खळग्याच्या जागी फुगून घट्ट टेकाड. सासूबाई दृष्ट काढाले मीठमोहरी घेऊन आल्या. मी म्हटलं, काढा, पण ऑटोत बसून. दवाखान्यापर्यंत मोहरी त्यांच्या मुठीतच होती.

डॉक्टरांनी तपासाले पाठीतून पाणी काढलं, लगेच सलाईनमधून औषध लावलं. म्हणाले, मेंदूज्वरात एवढ्या लहान लेकराची मान ताठतेच असं नाही. मान ताठायची वाट पाहत बसलो असतो तर उशीर झाला असता.

आता धाक एकच. या रोगानं कान जाऊ शकतात, तपासणी व्हायची आहे. काल ताट पडलं, तो दचकला नाही. झोपेत असंल. तू ये रे.

माया आटू देऊ नको.

तुझी,
दामिनी

अकोला, २० जानेवारी २०२५

सौ. दामिनीस, अ. उ. आ. वि. वि.

पोचलो. बडनेऱ्याले चिवड्यापायी गाडी सुटत होती... जाऊ दे.

त्या दिवशी वलगावले आलो तर तू पोराले उराशी धरून ओसरीत, पाठ माझ्याकडं. हाक मारवली नाही. फाटकातूनच शीळ घातली, तीच जुनी. आधी तूच वळली, वेडाबाई! मग दुसऱ्यांदा घातली, तेव्हा तुझ्या हालण्यानं तो वळू नये म्हणून तू अंग आवरून दगडासारखी बसली. अन् तुझ्या खांद्यावरून ते बारकं डोकं हळूच वर आलं, मले शोधत.

तरी मशीनवरची तपासणी चुकवू नको. शीळ काही डॉक्टर नव्हे.

संध्याकाळी तू टाळू भरली, वाटी मी धरली. तेल थांबलं. आई असती तर म्हणाली असती, बंड्या, वाटी सरळ धर. मग मी दोन्ही हातांनी धरली.

लोभ तसाच थांबू दे, खळग्यात.

तुझा दादा,
बंडू