नव्या स्पीकरची शीळ

३ फेब्रुवारी

आला! खोकं एवढं मोठं की धाकट्या भावाला वाटलं मिक्सर आलाय. उघडलं तर आत जाडजूड शब्दकोशाएवढा स्पीकर. काळी जाळी, चामड्याचं हँडल, आणि वजन असं की हातात घेतल्याबरोबर माणूस गप्प व्हावा. बिनतारी. उचला आणि कुठेही न्या, नळाखाली धरलात तरी काही होत नाही म्हणे. वर ज्या खोलीत ठेवाल ती खोली हा स्वतःच ओळखतो आणि आवाज तसा बदलून घेतो!

मासिकातल्या बाबांच्या पानासाठी परीक्षणाला आलाय. म्हणजे आता मागची खोली, दार बंद, बाबा आणि मी. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच चाललंय. मी ऐकते, बोलते, बाबा लिहितात. वाचक बाबांच्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि बाबा माझ्या.

ऑफिसात दिवसभर पावत्या फाडणाऱ्या बाईला आयुष्यात एवढं एक पुरतं.

४ फेब्रुवारी

दार बंद नव्हतं.

भावजय आत येऊन बसली! घरात येऊन वर्षसुद्धा झालं नाही तिला. दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, दुपारी सुटते. ओले केस, हातात चहाचा कप, पाय खुर्चीवर. "बाबा, मी पण ऐकू?" मला वाटलं बाबा म्हणतील, नंतर ये. कुठलं काय! "ये ना, बस की."

तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बास म्हणजे खालचे जाड सूर, हेही मीच सांगितलं. पियानो सुरू झाला तर म्हणते कशी— "हा वाजवणारा गुबगुबीत असणार. बोटं बघा किती मऊ पडतायत."

बाबा पोट धरून हसले. लिहूनही घेतलं वर! मी इतकी वर्षं 'मधल्या पट्टीत ऊब आहे' म्हणतेय, त्यावर कधी हसले नाहीत.

आता त्यात हसण्यासारखं काही नाही, हेही खरं. पण तरी.

६ फेब्रुवारी

स्पीकर घरभर फिरवला. स्वयंपाकघर, गॅलरी, न्हाणीघर. खरंच कमाल आहे! फरशांच्या न्हाणीघरात कुठलंही यंत्र भांडं आपटल्यासारखं वाजतं. हा दोन क्षण बिचकला आणि मग सावरला. समूहगानातल्या बायका एकेक वेगळ्या उभ्या राहिल्या. मी तसं म्हटलं, बाबांनी मान डोलावली. बरं वाटलं.

मग मागच्या खोलीत येऊन तो चार्जिंगला लावला. गाणं संपलं. सगळे गप्प. आणि भावजय म्हणाली, "ताई, ही शीळ कसली?"

"कसली शीळ?"

"बारीक आहे. आमच्याकडे मशीन दाताला लागायच्या आधी येते ना, तशी. वायर लावल्यावर सुरू झाली."

मी कान लावला. काही नाही. शप्पथ, काही म्हणजे काही नाही!

"तुझ्या कानात दवाखाना शिरलाय," मी म्हटलं. धाकटा खो खो हसला. तीही हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी कुजकं बोलले म्हणून असेल. सुनेला कोणी काही बोललेलं खपत नाही ना आता!

७ फेब्रुवारी

बाबांनी तिला स्वतःचे हेडफोन दिले. दिले म्हणजे देऊन टाकले.

९ फेब्रुवारी

आज म्हणे परीक्षा घेऊ. कल्पना बाबांची. ते पडद्यामागे बसून चार्जर लावणार, काढणार. आम्ही दोघींनी सांगायचं, शीळ आहे की नाही.

ती आपली नखं बघत बघत— आहे. नाही. नाही. आहे. एकदा चुकेल तर शपथ! मी अंदाजपंचे दाहोदरसे. आधी तिच्या आधी बोलून पाहिलं, मग तिच्यामागून. मागून बोललं की बरोबर येत होतं, पण मग मलाच कसंतरी झालं आणि मी मुद्दाम उलट बोलायला लागले.

बाबा बाहेर आले. "असू दे गं. दमली असशील तू." आवाजात इतकी माया की उठून स्पीकर गॅलरीतून खाली फेकावासा वाटला.

तिला वायर हलताना दिसत असणार. पडद्याच्या त्या बाजूलाच तर बसली होती! नक्कीच दिसत असणार.

१० फेब्रुवारी

संध्याकाळी घरात शिरले तर बाबा आणि ती ओट्याशी उभं राहून हळू आवाजात बोलत होते. मी दिसले आणि दोघं गप्प. "काय चाललंय?" "कुठे काय!" हल्ली या घरात सगळेच पुटपुटतात. स्पष्ट बोलायला कोणाला जड जातं कोण जाणे.

ती एरवी वाईट नाही, हाच तर वैताग आहे. टॉवेल कॉटवर टाकते, चहात साखर ढीगभर घालते, धाकट्याला वळण लावतेय. तिला नावं ठेवायला बसलं तर टॉवेलाच्या पुढे गाडी जात नाही.

११ फेब्रुवारी

परीक्षण मीच पुरं करून पाठवून दिलं. बाबांना न दाखवता. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातूनच.

'गाणं थांबल्यावरही हा स्पीकर संपूर्ण शांत असतो. शीळ नाही, कुरकुर नाही.' खाली बाबांचं नाव. तिचा गुबगुबीत पियानोवाला गाळून टाकला.

छान वाटलं. संध्याकाळपर्यंत टिकलं.

१२ फेब्रुवारी

संपादकबाईंचा बाबांना फोन— या वेळी लवकर पाठवलंत, वा! बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि मला म्हणाले, "खाली नाव माझं आहे, बाळ."

"आणि कान माझे आहेत!" मी ओरडले. चांगलंच ओरडले. "इतकी वर्षं माझे चालले ना? मग आता काय झालं? ही आली म्हणून?"

बाबा खुर्चीचा हात धरून बसले. चेहरा असा झाला की जणू मी भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं. भावजय दारात उभी होती. म्हणाली, "ताई, मी नाही येत आता ऐकायला. तुमची जागा मला नको. पण शीळ आहे हो."

आहे हो! म्हणजे जाता जाताही माघार नाही. थांब म्हणावं. पुरावाच आणते.

१३ फेब्रुवारी

ऑफिसला दांडी मारली. घरात कोणी नव्हतं. फोनवर एक ॲप घेतलं, आवाजाचा आलेख काढणारं. तो सगळ्यांच्या तोंडावर फेकायचा होता. स्पीकर टेबलावर, चार्जर लावलेला, गाणं बंद, पंखा बंद. फोन जाळीसमोर धरला.

आलेखाची रेघ आडवी, झोपलेली. फक्त उजव्या टोकाला, सगळ्यात बारीक सुरांच्या जागी, एक सुई. ताठ उभी.

चार्जर काढला. सुई गेली. लावला. आली. काढला, लावला, काढला, लावला— वेड्यासारखी करत बसले. गाल चिकटेपर्यंत जाळीला कान लावला. काही नाही! समोर सुई दिसतेय आणि कानात कापूस. दुसरा कान लावला. तेच.

त्या ॲपमध्ये खालून वर चढत जाणारा सूर वाजवायचीही सोय आहे. हेडफोन घालून तो लावला. चढत गेला, चढत गेला, बारीक होत गेला. आणि संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. पडद्यावरचे आकडे पुढे चालूच होते.

ती वायर बघत नव्हती.

आणि हे सगळं कळल्यावर मनात पहिला विचार काय आला? तिचे कान अजून धडधाकट आहेत, हा! माझे गेले याचं दुःख नंतर. आधी हे.

१५ फेब्रुवारी

सकाळी संपादकबाईंना फोन केला. पान अजून छपाईला गेलं नव्हतं. "ते वाक्य काढा. चार्जिंगला लावल्यावर बारीक शीळ येते, असं घाला. पियानोबद्दलही एक ओळ सांगते."

"बाबांना ऐकू आली का शीळ?"

"नाही. माझ्या भावजयीला." आणि पियानोवाल्याची ओळ सांगितली, तीही तिचीच.

मग कानाच्या डॉक्टरांकडे. काल फोनवर वेळ घेतली ते हिने ऐकलं असणार. एकटीच निघाले होते, तर भावजय पर्स अडकवून दारात! "रजा टाकलीय मी. चला." काचेच्या खोलीत बसवलं, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे ती बसलेली. माझं बोट बराच वेळ हललं नाही, तेव्हा तिने मान खाली घातली आणि पर्सची चेन उघडझाक करत बसली.

डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेलेत, ते परत यायचे नाहीत. बोलणं ऐकण्यापुरतं यंत्र लावता येईल. हे घराण्यातून येतं बहुधा. घरात आणखी कोणाला आहे का?

नाही म्हटलं. आमच्या घराचं तर नावच कानांवर चालतं.

परतताना तिने रस्ता ओलांडायला माझा हात धरला. सोडवून घेतला. पलीकडे गेल्यावर पुन्हा धरू दिला.

१७ फेब्रुवारी

बाबांना सगळं सांगितलं. डॉक्टरांचा प्रश्नही सांगितला. त्यांनी उठून मागच्या खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, "माझे वरचे सूर तू शाळेत होतीस तेव्हाच गेले."

लहानपणी मला शेजारी बसवून विचारायचे— काय ऐकू येतंय, सांग बघू? मला वाटायचं, शिकवतायत.

विचारत होते.