मैना, बिजली आणि दाजींचं वजन

९ नोव्हेंबर

आबांना गाढवं घ्यायची आहेत. एक नाही, गाढवं. जेवताना सांगितलं, भाकरी मोडता मोडता. घरातलं मीठ संपलंय, असं सांगावं तसं.

पेडगावच्या बाजूच्या एका वीटभट्टीवाल्याने ट्रॅक्टर घेतला, त्याला आता गाढवं नकोत. आणि आमच्या ओढ्यापलीकडच्या दीड एकराकडे पाऊस पडला की काही जात नाही. बैलगाडी नाही, मोटारसायकल नाही. काळ्या मातीत पाय घातला की पाय निघतो, चप्पल तिथंच राहते. सगळा भाजीपाला आई डोक्यावर आणते.

“तिची मान बघ जरा,” आबा म्हणाले.

“माज्या मानेचं नाव करून गाढवं आनू नका घरात,” आई म्हणाली.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. “तू शिकलीस. घ्यावं का न्हाई तू बघ.”

हे नेहमीचंच. या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर मी वाचायचं, फवारणीचं प्रमाण मी काढायचं, पाहुण्याच्या ऑपरेशनला हो म्हणायचं की नाही तेही मी. बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात गाढव कुठंच नव्हतं.

१० नोव्हेंबर

गाढव आणलं आणि ते मेलं तर माझ्यामुळे. नाही आणलं आणि आईची मान गेली तर तीही माझ्यामुळे.

१४ नोव्हेंबर

परभणीला जाऊन आले. जनावरांच्या डॉक्टर मॅडमना भेटले. त्यांनी आधी विचारलं, “शेजारी कसे आहेत?” मला वाटलं माझ्यासाठी स्थळ बघतायत. तर म्हणाल्या, “ओरडतात ना हो. तुम्हाला सवय होईल. शेजाऱ्यांना आधी विचारा.”

मी सगळं विचारलं. एकटं गाढव झुरतं, खाणं सोडतं, म्हणून घ्यायची तर दोन. अंगावरचे केस पाणी थोपवत नाहीत, तेव्हा वर पत्रा हवाच. हिरवं जास्त घालायचं नाही, कडबाच बरा. “लाडानं खाऊ घालाल तर पायानं अधू कराल.” खूर वाढतात, दर दोन-तीन महिन्यांनी कापून घ्यायचे. आपल्याकडच्या लहान चणीच्या गाढवावर पन्नास किलोच्या वर ओझं नाही. “युरियाची एक गोणी समजा. बस.”

आणि नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं! तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन. एसटीतून झरीला उतरेपर्यंत हाच विचार करत बसले. मी कुठं असेन, गाढव कुठं असेल.

१५ नोव्हेंबर

घरी सगळं सांगितलं.

आबा : “तीस वरीस? म्हंजी माज्याहून जास्त टिकतंय.”

आई : “आन तुमच्याहून जास्त ऐकतंय.”

मग शेजारी सरजाबाईंकडे गेले. गाढवं ओरडली तर चालेल का, असं सरळ विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमचा म्हातारा घोरतो तवा मला कोनी इचारलं व्हतं का?”

ही परवानगीच असावी. खात्री करायला परत जाऊन विचारलं. त्यांनी सूप आपटलं. असू दे.

२ डिसेंबर

आली. आबा पुढे, दोघी मागे, पेडगावपासून चालत. पारावर कुणीतरी विचारलंच, “मुंजाजी, काहून आनली रे गाढवं?”

“तुमच्यासंगं बोलून कटाळा आला म्हनून.”

एकीचं नाव मैना. दुसरी चार पावलं टाकते आणि थांबून विचार करते, तिचं नाव आबांनी बिजली ठेवलं. पत्रा टाकून तयार होता. बिजली पत्र्याबाहेर उभी राहिली.

११ डिसेंबर

आई मैनेशी बोलत होती. सरजाबाईंचं सगळं घर सांगून झालं होतं. मला बघून म्हणाली, “वळन लावायले तिला.”

१९ जानेवारी

अवकाळी पडला. पाणंदीत घोट्यापर्यंत चिखल. तरी मेथी आणि कोबी सगळा घरी आला, मैनेच्या पाठीवरून, आणि आई मोकळ्या हातांनी मागून चालत होती. तिला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी पदराशी खेळत आली.

प्रत्येक खेपेआधी मी ओझं काट्यावर ठेवून बघते. आबा म्हणतात, “गाढवाचं वझं कमी केलंस, माजं वाढवलंस.”

२८ फेब्रुवारी

आज पप्पू आला. गावातल्या सगळ्या मिरवणुका तोच काढतो. गोठ्यापाशी उभा राहून मैनेकडे असा बघत होता की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमच्या गावात धुळवडीला सगळ्यांत नव्या जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. गळ्यात चपलांची माळ, पुढे हलगी, शेवटी मारुतीच्या पारावर नवे कपडे. मान असतो, असं बसवणारे म्हणतात. बसणारे आठ दिवस आधीपासून फोन बंद ठेवतात. मधली काही वर्षं गाढवच मिळेना म्हणून प्रथा थांबली होती. आणि आम्ही आणून बांधली. दोन!

गावातलं शेवटचं लग्न आमच्याच सृष्टीताईचं. म्हणजे नवा जावई आमचे गोपाळदाजी. पाथरीत मोबाइलचं दुकान, शर्टाला कडक इस्त्री, घरात बसले तरी काळा चष्मा.

काय काय विचार केला होता मी! पत्रा, खूर, कडबा, सरजाबाईंची झोप. गावात धुळवड असते हे तेवढं विसरले.

१ मार्च

ताईचा फोन. “गाढवं इका, न्हाई तर हे येनार न्हाईत म्हनतात. धुळवडीलाच न्हाई, पुन्ना कधीच. आन मलाबी लावून देनार न्हाईत.” आणि रडायला लागली.

आई उठून गोठ्याकडे गेली, बराच वेळ आली नाही. आबा मला म्हणाले, “बघ बाई.”

५ मार्च

पारावर बैठक होती. मी थांबवायला गेले होते. हे आधी लिहून ठेवते. थांबवायला.

दाजींची बेइज्जती होईल असं म्हणता येईना, कारण गावाच्या हिशोबात तो मान. खोटं कारण द्यायचं नव्हतं. मग मी मैनेच्या बाजूने बोलले. “तिच्यावर पन्नास किलोच्या वर वजन चालत नाही.”

“मग?” पप्पू म्हणाला.

“दाजी नव्वदच्या पुढे आहेत.”

इथं थांबायला हवं होतं. पण अर्धवट सांगणं बरं नव्हे म्हणून म्हणाले, “ब्याण्णव. दिवाळीला आमच्याच कापसाच्या काट्यावर उभे राहिले होते.”

मागून कुणीतरी, “म्हंजी दोन गोन्या झाल्या की.”

“गाढवंबी दोनच हायत,” पप्पू म्हणाला. “इकडं एक, तिकडं एक, मदी फळी टाकू. फळीवर दाजी.”

मी म्हणाले, दोघींची उंची सारखी नाही, फळी कलेल. तेव्हा सगळे इतके हसले की बैठक तिथंच मोडली. मिरवणूक रद्द. घरी येताना मी खूश होते. खरंच खूश होते.

६ मार्च

दाजींचा फोन, थेट मला.

“मेहुणीबाई, मिरवलं असतं तर गाव एक दिवस हसलं असतं. तुम्ही माझं वजन पाथरीपर्यंत पोचवलंत. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, म्हणे, गोणीशेठ, चार्जर आहे का?”

मी माफी मागायच्या आत ठेवला.

१४ मार्च, धुळवड

ताई-दाजी आले नाहीत.

पप्पूने दाजींचा मोठा फोटो छापून आणला, काळ्या चष्म्यातला, आणि आधी माझ्याकडे आला. “फोटू चालंल का? वजन करून बघा.” केलं. अर्धा किलोसुद्धा नव्हता. नियमात बसत होतं.

बिजलीच्या पाठीवर फोटो बांधला, त्याला माळ घातली. मिरवणुकीला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला, कारण बिजली दर चार पावलांनी विचार करायची. व्हिडिओ पाथरीला पोचलाच असणार.

संध्याकाळी आबा म्हणाले, “पाडव्यापतुर जावई आले न्हाईत तर गाढवं वापस देऊ. लेकीपुढं गाढव काय.” बरोबरच आहे.

२२ मार्च

आईने आज टोपलं परत डोक्यावर घेतलं. पाणंद कोरडी, मैना मोकळी, तरी. “सवय मोडाय नको,” म्हणाली.

मैना तिच्या मागे मागे रिकामी चालत गेली आणि आली.

२९ मार्च

उद्या पाडवा. दाजींचा फोन आला, आबांना. स्पीकर लावला. आई दारात, मी खांबाआड.

“मामा, गाढवं विकू नका. आम्ही दोघं उद्या येतोय. आणि पुढच्या धुळवडीला ती लागतील.”

“तुमाला?”

“मला कशाला? तोवर मी जुना जावई. माझा आत्तेभाऊ आहे, नागेश. मानवतला मास्तर. मेहुणीबाईंसाठी सांगतोय. मुलगा चांगला आहे, आणि मुख्य म्हणजे नियमात बसतो. फोटो पाठवलाय.”

फोटोत मुलगा कुठल्यातरी किराणा दुकानातल्या काट्यावर उभा आहे. एकोणपन्नास.

मी आधी काटा बघितला. मोठा करून बघितला. मग चेहरा. तोही काट्याकडेच बघतोय, काळजीने, आपण उभं राहून चूक तर केली नाही ना, असा.

आबा म्हणाले, “बघ बाई.”

३० मार्च, पाडवा

मी आबांना म्हणाले, बघायला येऊ द्या. पण लग्नानंतर मुलांचं वजन वाढतं म्हणतात. एकच किलोची जागा आहे. याचा विचार आधी करायला हवा.