खालच्या डेकवरची जागा

४ एप्रिल, अमरावती

पोचले! बडनेऱ्याला उतरले तेव्हा सकाळचंच ऊन तव्यासारखं तापलं होतं; पण रिक्षावाल्यानं आपणहून बॅग उचलली आणि घर येईपर्यंत इथं काय काय खायचं ते सांगत राहिला. गिला वडा त्यात पहिला. खोली माणिकबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. नवरा-बायको फुलं विकतात, त्यामुळे जिन्याला झेंडूचा वास आहे. जेवायला भाकरी, ठेचा आणि पातोडीचा रस्सा. “लाजू नको वं पोरी, घे,” म्हणत त्यांनी तिसरी भाकर वाढली. अडतिसाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं कुणी भेटलं!

६ एप्रिल

कामाला लागले. इथल्या एका विधी महाविद्यालयाच्या जुन्या दालनात इंग्रजी अमलातल्या कायद्यांचं कायमचं प्रदर्शन व्हायचं आहे. सगळं बघतात ते निवृत्त न्यायाधीश पंजाबराव गावंडे. माझा प्रबंध प्रवासी जहाजांच्या कायद्यावर, म्हणून मला साताऱ्याहून बोलावलं. सरांनी विचारलं, समुद्र नाही तिथं जहाजाचा कायदा कोण पाहणार? मी सांगितलं, वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, म्हणून इथं कायदे वेगळ्या हुकमानं लागू व्हायचे. पण इथला माणूस हजला नाहीतर परमुलखात मजुरीला निघाला, की बोटीवर त्याला सगळ्यांचाच कायदा. खालच्या डेकवर माणशी नऊ चौरस फूट. म्हणजे सहा फूट लांब, दीड फूट रुंद. बारा वर्षांखालची दोन मुलं मिळून एक माणूस. वर्षाच्या आतलं तान्हं मोजायचंच नाही.

सरांनी ते माप स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घेतलं. मला फार बरं वाटलं.

९ एप्रिल

आज दीक्षा आली. मांडणीचं काम तिच्याकडे. तेल्हाऱ्याची, सव्वीस वर्षांची, मोकळं हसणारी. मला लगेच ताई म्हणाली. तिनं सरांना सुचवलं, नुसते फलक कोण वाचतं? खालचा डेकच बांधू या, खऱ्या मापाचा. लोकांना त्यात निजवू या. सरांनी टेबलावर हात मारला. “मले हेच पाह्यजे होतं!”

माझे फलक आता मागच्या भिंतीवर जाणार.

नऊ चौरस फूट मी सांगितले होते. तिनं नाही.

१४ एप्रिल

दीक्षानं अकोल्याच्या एका आरागिरणीवरून जुन्या बोटीचं सागवान मिळवलं. सुतारांनी डेक उभा केला: खाली फळ्या, डोक्यावर फळ्या, आत वाकूनच जायचं. तिनं खडूनं एकेकाची जागा आखली. सर सुतारांना, शिपायांना, चहावाल्यालासुद्धा सांगत होते, ही पोरगी पाहा. दुपारी तिनं मलाही डबा दिला, आईनं केलेलं पिठलं. चांगलं होतं. ते चांगलं होतं याचाही राग आला.

१६ एप्रिल

डेकच्या फळ्यांवर पांढरा थर येतो आहे. बोट लावून चाखला. मीठ. दीक्षा म्हणाली, त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं, तिथं विहिरीच्या कडेला असाच थर येतो. पण इथं पाणी कुठून आलं? एवढ्या उन्हाळ्यात फळ्या ओल्या लागतात.

१८ एप्रिल

आज विद्यार्थ्यांना निजवून पाहिलं. मुलं कमी होती, आखलेल्या जागा जास्त. तरी शेवटच्या दोघांना जागा मिळेना. सगळे खांद्याला खांदा लागून पडलेले. शेजारचा सरकतच नाही, असं जो तो म्हणे. दीक्षा हसून म्हणाली, बोट भरली! सगळे हसले. मी पाहत होते. दालनाच्या खिडकीजवळ पडलेल्या मुलीच्या एका बाजूला कुणीच नव्हतं, तरी ती अंग चोरून पडली होती.

२१ एप्रिल

उद्घाटनाआधी पाहणीला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यांना सरांनी फोन केला. माझ्यासमोरच. कल्पना दीक्षाची, अभ्यासही तिनं भरपूर केला, म्हणाले. माझं नावच नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी डेकमध्ये जाऊन पडले. दीक्षा नेहमी पडते त्याच जागेत, खिडकीजवळ. आपल्यालाही कुणी तिथं निजवावं, कौतुकानं पाहावं, असं वाटलं असेल. डोळे मिटले. डाव्या दंडाला कुणाचा तरी गार, ओला दंड लागला. मग अगदी कानाशी बाईचा आवाज, आपल्या माणसाशी बोलावं तसा: “सरक नं वं बाई. लेकरू हाये माह्यापाशी.”

मला ओरडता आलं असतं. मी ओरडले नाही. मी म्हणाले, ही जागा माझी नाही, दीक्षाची आहे. घ्यायची तर तिची घे.

दंड बाजूला झाला.

२२ एप्रिल

दीक्षा आली नाही. तिचा फोन लागत नाही. सरांनी तिच्याबद्दल विचारलंच नाही. डेकचा तपशील त्यांनी माझ्याशी बोलून ठरवला आणि म्हणाले, मॅडम, तुमची ही कल्पना कमाल हाये.

मी दुरुस्त केलं नाही.

२३ एप्रिल

शिपायाला विचारलं, दीक्षा मॅडम कुठं आहेत? तो म्हणाला, कोन दीक्षा? इथं तुमी एकट्याच तं काम करून राहिल्या. माणिकबाईंनाही विचारलं. गेल्या रविवारी दीक्षा त्यांच्याकडे जेवली, त्यांनी तिला मोगरा दिला. त्या म्हणाल्या, तुह्यासंगं कधी कोनी आलंच नाही, पोरी. माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेल्हाऱ्याला फोन केला. तिचे वडील भाजी विकतात, नंबर तिनंच दिला होता. ते सरळपणे म्हणाले, आमाले मुलगी नाही, बाई. दोन पोरं.

हे मी केलं. मी बोलले आणि हे झालं.

२५ एप्रिल

दुपारी डेकमध्ये गेले. वाकून पाहिलं. रिकामा. त्या बाईला हाक मारली. तिची जागा घेऊ नकोस, तिला परत दे, म्हणाले. फक्त फळ्या हलकेच डावीकडे कलल्या, मग उजवीकडे. जमीन हलत नव्हती. फळ्याच.

२६ एप्रिल

सर मुंबईच्या पाहुण्यांशी बोलत होते. मी शेजारी उभी. कल्पना कुणाची, असं पाहुण्यांनी विचारलं. सर आठवू लागले. आठवेना. मी म्हणाले, सर, मी— ते माझ्या आरपार दाराकडे बघत राहिले.

हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. ही जागा माझी नाही, असं त्या बाईला मीच म्हणाले होते.

२७ एप्रिल

माणिकबाईंनी ताट वाढलं नाही. दोघं समोरासमोर बसून जेवले. वरची खोली भाड्यानं द्यायला पाह्यजे, कधीची रिकामी पडून हाये, असं बोलत होते. मी दारात उभी होते. रडत होते. तिचं नाव पुसलं गेलं तेव्हा मला एक अख्खा दिवस आनंद झाला होता—

२८ एप्रिल

वही घेऊन डेकमध्ये आले आहे. भर दुपार. बाहेर शिपायांचे आवाज येतात.

आता दिसतात. सगळे. टोकापासून टोकापर्यंत. बायका, म्हातारे, टोप्या घातलेले, गाठोडी उशाला. आणि खिडकीजवळ दीक्षा. जिवंत? माहीत नाही. केस ओले. तिच्या मांडीवर ते तान्हं निजलं आहे, आणि त्याची आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून. दोन्हीकडचे लोक अंग चोरून तिला जागा देतात. कुणी तरी तिला पाणी दिलं.

इथंही.

इथंही तिलाच.

तिनं मला पाहिलं. ताई, परत जा, म्हणाली. ती खरंच काळजीनं म्हणाली. मला ते सहन होत नाही.

कुठं जाऊ? वर मला कुणी—

मी मध्ये घुसले. कुणी सरकत नाही. पाय दुमडून, दोघींच्या मधे, कशीबशी. छातीवर फळी. श्वास—

वरून कुणीतरी डेकच्या तोंडावर झाकण ओढलं. शिपायांचे आवाज बंद.

बूट वाजतात. बोटीवरचा अधिकारी माणसं मोजत येतो आहे. प्रत्येकाच्या पायाला काठी लावतो, आकडा म्हणतो, पुढे. दीक्षाच्या पायाला लावली. मोजली. बाळाला नाही. दीक्षानं बाळाला पदराखाली—

मला मोजा. मी पण आहे. हा कायदा मी—

काठी माझ्या पायाशी आली. थांबली. तो वाकून बघतो आहे. त्याला चेहरा नाही. माझा आकडा म्हणत ना—